न झालेली फायनल

"रग्बी म्हणजे हेल्मेट घालून खेळतात ते अमेरिकन फुटबॉल नव्हे!" असं म्हणत ते पुढच्या सीटवर थाप मारायचे. कतारमधल्या रास लफानला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये त्या सीटवरचा माणूस दचकून जागा व्हायचा.

हे गृहस्थ साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त, आमच्या प्लांटवर सेफ्टी ऑफिसर. रग्बी फौजेत शिकले आणि दोह्यात एका क्लबाकडून खेळू लागले. तेव्हा आखाती देशांतले क्लब मिळून एकच चॅम्पियनशिप खेळत. एका वर्षी यांचा क्लब फायनलला पोहोचला. समोर बहरीनचा क्लब. कायम राखीव बसणाऱ्या या गृहस्थांचं नाव पहिल्यांदाच खेळणाऱ्या पंधरा जणांत आलं. आणि फायनलच्या आधीच आयोजकांचा निरोप आला, यापुढे प्रत्येक देशाने आपापलं बघावं. स्पर्धा बंद.

"बंदच करायची होती, तर फायनल उरकून करायची की राव!"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारी. यांची गोष्ट संपली की नवखा हटकून विचारायचा, "मग जिंकलं कोण?" त्यावर ते खिडकीबाहेर वाळवंट बघत बसायचे.

अखेर त्यांनी बहरीनच्या जुन्या कॅप्टनला गाठलं. तो पंजाबी, आता पोट सुटलेला, पण राहिलेली फायनल खेळायला लगेच हो म्हणाला. दोह्यात अल दुहैलकडे एका शाळेचं मैदान मिळालं. पाहुण्यांशी निरोपानिरोपी माझ्या फोनवरून झाली. शुक्रवारी पाहुणे विमानाने आले. आम्ही मराठी मंडळी पोह्यांचे डबे घेऊन कडेला बसलो.

सगळे आले, नियमाप्रमाणे सांगून ठेवलेली ॲम्ब्युलन्स आली नाही. फोन केला की एकच उत्तर, "पाच मिनिटं, इन्शाल्ला."

कॅप्टन वैतागला. "चलो यार, शुरू करते हैं. कुछ नहीं होगा."

"ॲम्ब्युलन्स नहीं, तो मॅच नहीं," हे म्हणाले.

मला भयंकर राग आला. "अहो, इतकी वर्षं थांबलात. आज एक दिवस नियम सोडा ना!"

"काही होत नाही म्हणणाऱ्यांनाच मी रोज प्लांटवर अडवतो," ते म्हणाले. "आज मीच तसं म्हणू?" आवाज चढला होता, पण डोळे भरले होते.

मैदानाची वेळ संपली. रखवालदार "खलास, खलास" करत गेट लावायला आला. पाहुणे विमानतळाकडे गेले, आणि मग ॲम्ब्युलन्स आली. मला वाटलं, आता हे ड्रायव्हरला फाडून खातील. त्यांनी त्याला गार झालेले पोहे दिले आणि घट्ट जर्सी डोक्यातून काढता येईना म्हणून त्यालाच ओढायला सांगितली.

पुढे त्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. ते गावी परतले.

परवा कॅप्टनचा फोन आला. "अगले जुम्मे को आ रहे हैं, पूरे पंद्रह! उनका फोन नहीं लग रहा. आप बता देना."

"वो इंडिया चले गए."

"छुट्टी पे?"

"नहीं. हमेशा के लिए."

पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. त्याने विचारलं, "तो फिर हम खेलें किसके साथ?"