आत्याचा दुसरा ब्रेक

माझी आत्या गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा तिच्या पायाशी. सिग्नल लाल झाला रे झाला, की आत्या सुरू: "काय हो, अणुबॉम्बवर जगभर बंदी हवी की नको?" पट्टा बांधलेला माणूस जातो कुठे? कित्येक जण केवळ सुटका व्हावी म्हणून "हवी, हवी" म्हणतात. पुढे त्यांतलेच काही तिच्या सभांना खुर्च्या मांडायला येतात, ही गोष्ट वेगळी.

घरात याची चेष्टा ठरलेली. "घरातला नळ गळतोय आणि ही निघाली जग वाचवायला," असं आतोबा म्हणतात. आणि सभेची पत्रकं वाटायला मात्र तेच पुढे.

यंदा नगरपालिकेत अखेर ठराव आला: अण्वस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय कराराला आपल्या गावाचाही पाठिंबा. त्यासाठी आत्याने सगळ्यांचे उंबरे झिजवले होते. निम्मे नगरसेवक इकडे, निम्मे तिकडे. उरला एकच, आणि तो नेमका आत्याचा विद्यार्थी! फर्निचरच्या दुकानाचे मालक, साठीला टेकलेले. आम्ही त्यांना शेठ म्हणतो.

शेठनी गाडीत बसल्या बसल्या सौदाच मांडला. "बाई, मला गाडी येते असं लिहून द्या, मी ठरावाला हात वर करतो."

"शेठ, तुम्हाला अजून रिव्हर्स जमत नाही."

"एका मतासाठी एवढंही नाही?"

मी मागच्या सीटवर होते. मनात म्हटलं, अगं, देऊन टाक की! आत्याने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. तिला मोह झाला होता, मला दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. "चला, शाळेवरून घ्या."

शेठ फुगले. शाळेच्या वळणावर मुलं रस्ता ओलांडत होती. शेठनी घाईघाईत ब्रेक म्हणून ॲक्सिलरेटर दाबला. गाडी उसळली आणि तिथेच थांबली. आत्याचा पाय दुसऱ्या ब्रेकवर होता. मुलं हसत खिदळत निघून गेली. शेठनी स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. बोलायची एवढी चांगली संधी आत्याने एरवी सोडली नसती. पण त्या दिवशी तिने बॉम्बचं नावही काढलं नाही. पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "या इकडे. मी चालवते."

ठरावाच्या दिवशी शेठ उभे राहिले.

"मी काही वाईट माणूस नाही. पोरं मला समोर दिसत होती. तरी पाय चुकला. शेजारी बाई होत्या म्हणून निभावलं. त्या बॉम्बवाल्यांच्या शेजारी कोण बसलंय?"

आणि त्यांनी हात वर केला. ठराव मंजूर झाला. आत्या ढसाढसा रडली, मीही रडले. आतोबांच्या डोळ्यांत म्हणे कचरा गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेठची स्वारी हजर. "बाई, आता तरी लिहून द्या!"

"रिव्हर्स टाका," आत्या म्हणाली आणि तिने पाय दुसऱ्या ब्रेकवर ठेवला.