पहिला फोटो ताईचा

दुपारी जेवण झालं की मी मागच्या खोलीत कूलरसमोर आडवा होतो. वर्ध्याच्या वैशाखात शहाण्या माणसानं दुसरं काही करू नये. एका खिडकीत कूलर, शेजारच्या खिडकीतून मागचं अंगण दिसतं. हातात फोन असतो, कारण झोप लागेपर्यंत मी आम्हा भावंडांचा ग्रुप उघडून बघतो. त्यात नवीन काही नसतं, हे उघडण्याआधीच माहीत असतं. तरी बघतो. खसाचा वास येतो, कूलरची घरघर लांब जायला लागते.

झोप लागायच्या आत ग्रुपचं सांगून टाकतो. आम्ही चौघं. द्वारकाताई सगळ्यांत मोठी, इथंच आमच्या मागच्या गल्लीत राहायची. मग भिलाईचा गजू, अकोल्याची बेबी आणि शेंडेफळ मी. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत रोज प्रत्येकानं एखाद्या पाखराचा नाहीतर प्राण्याचा एक फोटो टाकायचा, हा ताईचा नेम. फोटो आजचाच हवा, आणि आपल्या घरामागचा, नाहीतर पायी जाता येईल तिथला. गजूनं एकदा कुठून तरी ढापलेला मोर टाकला, तर ताईनं विचारलं, भिलाईत मागं बर्फाचे डोंगर कधी उगवले? तेव्हापासून गजू निमूटपणे आपल्या जास्वंदीवरचे शिंजीर टाकायचा.

पहिला फोटो मात्र ताईचा. कोणी तिच्याआधी टाकला की ती दिवसभर फुगून बसायची. आणि तिच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात तिचा अंगठा. तांबट असो की खार, अंगठा आहेच. आमच्यापैकी कोणीतरी लगेच लिहायचं, 'ताई, अंगठा काढ.' तिनं तो कधी काढला नाही.

पौषात ताई गेली. पाडव्याला मला वाटलं, गजू सुरू करेल, आता तोच मोठा. गजूला काय वाटलं देव जाणे. फोटो नाही म्हणून बोलणं नाही. बेबीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते मला तिच्या शेजाऱ्यांकडून कळलं. राग आला, आणि राग ओसरल्यावर फार वाईट वाटलं. असंच चाललं तर आम्ही एकमेकांना लग्नपत्रिका पाठवण्यापुरते उरू, याची मला भीती वाटते.

मागच्या दाराची कडी वाजते. ताई आत येते. हात ओले आहेत, ती ते पदराला पुसते आहे.

"काहून रे मुरल्या, झोपून राहिला?"

"ऊन आहे ना ताई."

"ते दिसून राहिलं मले. फोटो कुठी हाये?"

"ताई, तू तर गेली."

"मी गेली. तुमचे हात गेले का?"

मी उठून तिच्यामागे अंगणात जातो. कपडे वाळत घालायच्या तारेवर फोटो टांगले आहेत, ओले, ठिबकणारे. भारद्वाज, सरडा, आंब्यावरची खार. कोपऱ्यात अंगठे. मी एका फोटोला हात लावतो तशी त्यातली खार पळत शेजारच्या फोटोत जाते. मला नवल वाटत नाही. एवढंच मनात येतं की हे बायकोचे चिमटे आहेत आणि शोभा ओरडणार.

अंगणाचं फाटक उघडलं की धाम नदीचं पात्र लागतं. काठानं पळस पेटलेला आहे.

"वैशाखात पळस?"

"थांबवून ठेवला मी. म्हटलं, कोणीतरी येईन पाहाले." ती खडकावरून पुढं चालते. "कोणी नाही आलं."

पाणी कोमट आहे. खडक संपतात तिथं फरशी लागते, आणि आम्ही लहानपणच्या त्या फोटो स्टुडिओत उभे असतो. आईनं आम्हा चौघांना पावडर फासून इथंच आणलं होतं. मागं तोच रंगवलेला राजवाडा. स्टुलावर एक घोरपड बसली आहे, नंबर लागायची वाट बघत असल्यासारखी. ताई तिला हाताच्या इशाऱ्यानं खाली उतरवते.

"बसा चौघं."

"दोघंच आहो ना ताई."

"तेच तर म्हणून राहिली मी."

शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. मला एकदम रडू येतं. घोरपडीसमोर रडायची लाज वाटते, पण थांबवता येत नाही.

"मी तुझ्यासाठीच थांबलो," मी म्हणतो. "पहिला फोटो तुझा असतो."

"अरे, मले पहाटे जाग यायची, म्हणून पहिला. तुम्ही त्याचा कायदा करून ठेवला."

"तू फुगायची."

"फुगायची. आता कोणावर फुगू?" ती माझं नाक पुसते, लहानपणी पुसायची तसंच, जरा जोरात. "तिकडं पाह्य."

राजवाड्याच्या खिडकीत आमचा कूलर आहे. त्याच्यातून ठिबकलेल्या पाण्याचं खाली डबकं झालंय आणि त्यात सातभाई उतरलेत. अंघोळ कमी, भांडण जास्त.

"काढ."

फोन जड झालाय. बोट हलत नाही. "तूच काढ ना," मी म्हणतो.

"माझा कुठी चालते आता फोन?" ती माझ्या हातावर हात ठेवते. थंड, ओला हात, आत्ताच भांडी घासून उठल्यासारखा. "हलू नको."

मी हलत नाही.

जाग येते ती गरम वाऱ्यानं. कूलरमधलं पाणी संपलंय. फोन माझ्या मुठीत आहे, कॅमेरा चालू. आणि एक फोटो निघालेला आहे. खिडकीचे गज, कूलरखालचं डबकं, त्यात सातभाई, एकाचा पंख पसरलेला. कोपऱ्यात अंगठा. जाडसर, धुरकट, अर्धा.

झोपेत माझंच बोट पडलं असणार. खात्री करायला मी माझा अंगठा स्क्रीनजवळ धरतो, मग मागं घेतो. कशाला बघायचं? फोटो आजचा आहे, घरामागचा आहे. मी तो ग्रुपवर टाकतो. खाली काहीच लिहीत नाही.

"चहा ठेवू का?" शोभा आतून विचारते.

"ठेव. मी कूलर भरतो."

बादली भरून कूलरमध्ये ओततो. थोडं पाणी मुद्दाम बाहेर सांडतो, डबकं आटायला लागलं होतं. खाटेवर फोन वाजतो. ओल्या हातानंच उचलतो. गजूनं लिहिलंय:

'ताई, अंगठा काढ.'

सवयीनं लिहून गेला असणार. आता पुसेल म्हणून मी बघत उभा राहतो. तो पुसत नाही. मग त्याखाली अकोल्याहून बेबीचा फोटो येतो, एका डोळ्यानं काढलेला, वाकडा. ग्रीलवर बसलेली अर्धी चिमणी.