उठा आता

पंचवटीतल्या सोनोग्राफी सेंटरमध्ये एक मावशी मदतनीस होत्या. बाबांचा मुतखडा, आईचं हृदय, माझं पहिलं बाळ, सगळं आम्ही तिथेच पाहिलं. पोटाची तपासणी असली की हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या, "प्या सगळं. लघवीला जायचं नाय." तपासणी झाली की अंगावरचं गार जेल खरखरीत फडक्याने खसाखसा पुसायच्या, "चला, उठा आता, लोक खोळंबलेत." मला त्यांचा रागच यायचा.

दुसऱ्या खेपेला, सातव्या महिन्यात डॉक्टर बराच वेळ बाळाचे ठोके शोधत राहिले. मग मशीन बंद करून माझ्या नवऱ्याला बाहेर घेऊन गेले. मावशींनी फडकं कोमट पाण्यात पिळलं आणि न्हाऊ घातलेल्या तान्ह्याला टिपतात तसं माझं पोट टिपलं. कोरडं झालं तरी टिपत राहिल्या. बाहेर लोक खोळंबले होते. पण मावशी उठा म्हणाल्याच नाहीत.