एकविशीची पोरगी, साठीची गाडी

माझ्या शर्टाच्या खिशात कायम एक चुंबक असायचं. रेडिओच्या फुटक्या स्पीकरमधून काढलेलं, गोल, रुमालात गुंडाळलेलं. बायको म्हणायची, बाकीच्यांच्या खिशात पेन असतं, तुमच्या खिशात संशय असतो. तिचं चूक नव्हतं. मी मोटार-विम्याचा सर्व्हेअर होतो. गाडीचा विमा उतरवायचा असो की नुकसानीचा दावा असो, गाडी आधी मी बघायची आणि कंपनीला रिपोर्ट द्यायचा. चांगल्या पत्र्यावर चुंबक चिकटतं. जिथं गाडीनं मार खाल्लेला असतो आणि खड्डा पुट्टीनं भरून वरून रंग मारलेला असतो, तिथून ते गळून पडतं. मालक काहीही शपथा घेवो, मी चुंबकाचं ऐकायचो.

औरंगाबादेत, तेव्हा शहराचं नाव तेच होतं, मी जवळजवळ तीस वर्षं हे काम केलं आणि खोटं ऐकून ऐकून माझे कान किटले. ‘साहेब, गाय आडवी आली’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलं, पण ती गाय काही मला कधी भेटली नाही. त्यामुळं माझा स्वभाव तिरसट झाला. घरच्यांनी तो सोसला, हे त्यांचे उपकार.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना एका विमा कंपनीच्या शाखेत मॅनेजरनं मला बोलावलं. वयानं माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण कपाळावरच्या आठ्या माझ्याइतक्याच. त्याच्यासमोर एक पोरगी बसली होती. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पिवळं पडलेलं आरसी बुक.

“गाडी साठीला आलेली, चालवणारी एकवीस वर्षांची,” मॅनेजर म्हणाला. “आणि यांना फुल इन्शुरन्स पाहिजे.”

इतक्या जुन्या गाडीला कंपन्या फक्त थर्ड पार्टी द्यायच्या. म्हणजे तुम्ही दुसऱ्याला ठोकलंत तर त्याची भरपाई कंपनी करणार, तुमची गाडी मोडली तर तुमचं तुम्ही बघा. फुल द्यायचा तर गाडीची किंमत कुणीतरी बघून ठरवायला हवी, कारण कागदावर ती कधीच भंगार झालेली असते. त्यात चालवणारी नवशिकी. मॅनेजरला ही भानगड नको होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“थर्ड पार्टीवर भागत नाही का तुझं?” मी पोरीला विचारलं.

“नाय काका. पप्पा म्हणले, फुल इन्शुरन्स आण, मग चावी देतो. नायतर महिनाअखेरीला पुण्याचा माणूस गाडी विकत न्यायला येतोय.”

शहरात जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एक गट होता. डॉक्टर, वकील, एक-दोन कारखानदार, सगळे पन्नाशीच्या पुढचे. रविवारी सकाळी ते दौलताबादपर्यंत जायचे, भजी खायचे आणि निम्मे जण धक्का मारत परत यायचे. या पोरीला त्यांनी बोलावलं होतं, पण फुल इन्शुरन्स नसलेली गाडी ताफ्यात घ्यायची नाही, असा त्यांचाही नियम होता. म्हणजे पोरीचं सगळंच या एका कागदावर अडलं होतं.

मॅनेजरनं माझ्याकडं फाईल सरकवली. “बघून या. पण चालवणारीच्या नावावर एक जरी ठोकर निघाली, तर फाईल बंद.” हे तो तिच्यासमोरच बोलला.

खरं सांगायचं तर मी नाही म्हणायचं ठरवूनच निघालो होतो. तरुण पोरांचं जुन्या गाड्यांचं वेड मला पटत नसे. चार रविवार कौतुक, पाचव्या रविवारी फटफट आवाजाचा सायलेन्सर, आणि पुढच्या महिन्यात माझ्याकडं दावा.

त्यांचं घर हर्सूलला, तलावाच्या अलीकडं. शेताचे प्लॉट पडलेले, राहिलेल्या तुकड्यात मका. मी गेलो तो पोरीच्या वडिलांच्या सुट्टीचा दिवस होता. ते वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. अंगणात बाजेवर बसून त्यांनी मला आधीच सांगून टाकलं, “साहेब, मी रोज कंपनीच्या बसमधनं वाळूज रोडवर काय काय बघतो, ते माझं मला ठाऊक. तुम्ही नाय म्हणलात तरी मला वाईट वाटायचं नाय.” असा ग्राहक मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला.

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये होती. काळी, विलायती, गोल दिव्यांची. शेजारी खुर्चीवर पोरीचे आजोबा, ऐंशी ओलांडलेले, पांढरी टोपी, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तेव्हा त्याच्या नोकरीतला एक इंजिनिअर हैदराबादला परत गेला, त्याच्याकडून त्यांनी ती घेतली होती. त्या भागात तेव्हा दुसरी मोटार नव्हती.

“लिहून घ्या साहेब,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत एक खरोच नाय गाडीला. हर्सूलात कुणालाबी पुसा.”

कुणाला पुसायची गरज नव्हती. शेडपर्यंत पोचेस्तोवर दोन शेजाऱ्यांनी मला हेच ऐकवलं होतं. म्हाताऱ्याची न ठोकलेली गाडी हा गावाचाच मानाचा विषय होता.

मी पोरीला म्हटलं, सुरू करून दाखव. तिनं चोक ओढला, पुढं येऊन हँडल लावलं. अंगठा तिनं हँडलभोवती वळवला नाही, बोटांच्या बाजूलाच ठेवला. इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो, हे तिला कुणीतरी नीट शिकवलेलं होतं. दुसऱ्या फेरीला गाडी सुरू झाली. मला शेजारी बसवून ती तलावापर्यंत घेऊन गेली. गिअर बदलताना दोनदा क्लच दाबायची, वळणाच्या खूप आधी वेग कमी करायची, समोरून रिक्षा घुसली तर तोंडानं काही न बोलता वाट द्यायची. हॉर्न एकदाच वाजवला, तोही बकरीसाठी. मला बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय याचा थोडा रागही येत होता.

परत आल्यावर मी चुंबक काढलं. बॉनेट ठीक. चारही दारं ठीक. उजवं मडगार्ड ठीक. डाव्या मडगार्डवर ठेवलं आणि चुंबक धुळीत पडलं.

मी पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं. म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

पोरगी वाकली, चुंबक उचललं, ओढणीला पुसून माझ्या हातात दिलं. “काका, ती म्या ठोकली,” ती म्हणाली.

“कधी?”

“दिवाळीत. शिकत व्हते तवा. फाटकाच्या खांबाला लागली.”

“आणि पुट्टी?”

“मुकुंदवाडीला एक डेंटर हाय, त्यानं भरून दिली.”

उत्तरं पटापट येत होती. तरुण पोरांबद्दलचं माझं म्हणणं खरं ठरलं, म्हणून मी मनात खूश झालो, हे कबूल करतो. मग सवयीनं बॅटरी पेटवून मडगार्डखाली शिरलो.

आतून वेल्डिंगचा तुकडा लावलेला होता. त्यावर गंजाचे पोपडे. गंजावर कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, तेही वाळून रिकामं झालेलं. त्या घरावर कधीतरी उडालेलं काळं तेल सुकून दगड झालेलं. दिवाळी होऊन फार तर तीन-चार महिने झाले होते. हे काम दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं होतं. ते झालं तेव्हा ही पोरगी प्राथमिक शाळेत असणार, तिचे पाय क्लचपर्यंत पोचलेही नसते.

मी गाडीखालून बाहेर यायला मुद्दाम वेळ लावला. आयुष्यभर मी खोटं पकडलं, पण ते सगळं स्वतःच्या फायद्याचं होतं. ही पोरगी स्वतःच्या हातानं स्वतःची फाईल बंद करत होती, आणि तीही सरळ माझ्या डोळ्यांत बघून. असल्या खोट्याचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. गाडीखाली पडल्या पडल्या मी उगाच थोडा खोकलो.

बाहेर येऊन मी म्हटलं, “पोरी, मी हे लिहिलं तर गाडी पुण्याला जाईल. पुन्हा एकदा सांग.”

“लिहा,” ती म्हणाली.

“नका लिहू साहेब,” म्हातारा म्हणाला.

तो खाली बघूनच बोलत होता. “मोतीबिंदू झालता मला. ह्या पोरानं चावी काढून घेतली व्हती. समदे लग्नाला गेलते, म्या चावी हुडकली. म्हणलं, तळ्यापतुर एक चक्कर मारून येऊ. फाटकाचा खांब दिसलाच नाय. मागनं गुपचूप डेंटरकडनं भरून घेतलं.”

बाजेवरून पोरीचे वडील उठून शेडपर्यंत आले होते. “दादा, मला ठाऊक हाय,” ते शांतपणे म्हणाले. “खांब वाकला व्हता. दुसऱ्या दिशी म्याच सरळ केला. तुम्ही बोलला नाय, म्हणून म्याबी बोललो नाय.”

म्हाताऱ्यानं लेकाकडं बघितलं. आपली बढाई लेक इतकी वर्षं गुपचूप ऐकून घेत आला, हे त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं. तो तिथंच थांबला असता तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तो थांबला नाही.

“तुला समदं ठाऊक नाय,” तो म्हणाला. “हिला ताप व्हता, म्हणून ही माझ्यापाशी घरी व्हती. ही मागच्या सीटवर बसली व्हती. म्या हिला म्हणलं, कुणाला सांगू नको. हिनं आजपतुर नाय सांगितलं.”

पोरीचे वडील वळले आणि फाटकाकडं चालत गेले. तिथं खांबाला हात लावून बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. पोरगी त्यांच्याकडं बघत होती, आणि मी माझ्या कागदांकडं. सर्व्हेअरचं काम तिथं संपलं होतं, पण निघायचं कसं हे मला सुचत नव्हतं. आता गाडी गेली, असंच मी धरून चाललो. मी बाप असतो तर त्याच संध्याकाळी पुण्याला फोन केला असता.

ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, “साहेब, फॉर्मात चालवणारा म्हणून कुणाचं नाव लिवलंय?”

मी फॉर्म उघडला. पोरीनं दोन नावं लिहिली होती. एक स्वतःचं, दुसरं आजोबांचं. वयाच्या रकान्यात त्यांचं वय दोन वर्षं कमीच लावलं होतं.

“ते दोन नंबरचं नाव...” वडील बोलता बोलता थांबले. हे वाक्य त्यांना गेली कित्येक वर्षं बोलायचं असणार, आणि आजही ते त्यांच्या तोंडून निघेना.

“माझं काढा,” म्हातारा म्हणाला. “पोरीचं एकटीचं ऱ्हाऊ द्या. तिला खांब दिसतो.”

मी दुसऱ्या नावावर रेघ मारली. खोडलेल्या जागी सही लागते. शाळा निजामाच्या काळात झालेली, त्यामुळं त्यांनी उर्दूत सही केली, सावकाश, एकेक अक्षर वळवत. सही झाल्यावर पेन परत द्यायचंही ते विसरले.

रिपोर्ट मी त्याच दिवशी लिहिला. डाव्या मडगार्डला जुनी दुरुस्ती, चालवणारीचा तिच्याशी संबंध नाही. मॅनेजरनं भुवया उंचावल्या. “हे इतकं छातीठोक कसं सांगता?” मी म्हटलं, कुंभारीण साक्षीला आहे. त्याला काही कळलं नाही, पण माझ्या तिरसटपणाची त्याला सवय होती. मी ठरवलेली किंमत त्यानं थोडी खाली ओढली आणि पॉलिसी काढली. पुण्याच्या माणसाला पोरीच्या वडिलांनी स्वतः फोन करून नाही म्हणून कळवलं.

त्यानंतरच्या रविवारी पोरीची दौलताबादची पहिली फेरी होती. पॉलिसी पोस्टानं गेली असती, पण मी स्वतः हर्सूलला घेऊन गेलो. तीस वर्षांत असं मी कुणासाठी केलं नव्हतं. सकाळचं कोवळं ऊन होतं. गाडी अंगणात पुसून उभी होती. वडील बॉनेटला हार बांधत होते आणि लेकीला पंचवीस सूचना देत होते. ती सगळ्यांना व्हय म्हणत होती. मला मागच्या सीटवर बसायचा हुकूम झाला. मी आढेवेढे घेतले, पण आतून मला जायचंच होतं.

म्हातारा इस्त्रीचा सदरा घालून आला. सवयीनं उजव्या बाजूला गेला, दाराच्या मुठीला हात घातला आणि तसाच थांबला. आत स्टिअरिंगपाशी नात बसलेली होती. ती उठायला लागली तसं त्यानं मान हलवली. मग बॉनेटला धरत धरत, अख्ख्या गाडीला वळसा घालून तो डावीकडं आला आणि तिच्या शेजारी बसला.

दार काही त्याला लावता येईना. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, खटका बसेना. इतक्या वर्षांत त्या बाजूचं दार त्यानं आतून कधी लावलंच नव्हतं. नातीनं त्याच्या मांडीवरून हात लांब करून मूठ जरा वर उचलली आणि दार ओढून घेतलं.