बंडीचा बाक

दहाही बोटं शाबूत असलेला सुतार मी फार कमी वेळा पाहिला. कारण साधं आहे. मी आरोग्य केंद्रात नर्स होते, आणि शाबूत बोटांचे सुतार माझ्याकडे कशाला येतील? यायचे ते चिंधी गुंडाळलेला हात वर धरून. त्यांची बोटं धुता-बांधता मी त्यांना चांगलं झापायची आणि मनात म्हणायची, हे काम माझ्या हातात द्या, रक्ताचा एक थेंब सांडणार नाही. निवृत्त झाले आणि खरंच करवत हातात घेतली. नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला.

आरमोरीला आमच्या घरामागं टिनाचं शेड आहे, तिथं माझं काम चालतं. नवरा त्याला माझं ऑपरेशन थेटर म्हणतो. खऱ्या थेटरात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि माझ्याकडे बंद बूट घातल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, एवढाच फरक. डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर मास्क, केस बांधलेले आणि ओढणी बाहेर खुंटीला. फिरत्या पात्याजवळ लोंबतं कापड नेणं म्हणजे आ बैल मुझे मार.

मी फक्त जुनं लाकूड वापरते. आमचा मुलूख जंगलाचा, त्यामुळे प्रत्येक घरात सागवानाचं काही ना काही पडलेलं असतं. मोडकं दार, पलंगाचे पाय, शाळेनं टाकून दिलेला बाक. नव्या लाकडाला मी काय विचारू? जुनं लाकूड आलं की मी आधी त्याची हकीकत काढते. कुठं होतं, त्याला काय फासलं, उदई म्हणजे वाळवी लागली होती का. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून तो ओला करूनच खरवडायचा, धूळ उडू द्यायची नाही. मग जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फळीवरून फिरवायचं. ते जिथं चिकटेल तिथं आत खिळा आहे. तो जंबुरानं काढल्याशिवाय करवत लावली तर पातं जातं, आणि नशीब फुटकं असेल तर डोळा.

मागच्या हिवाळ्यात माझा मोठा भाऊ धानाच्या बांधावरून घसरून पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड छान जुळलं, काठी घेऊन तो चालायलाही लागला. फक्त डॉक्टरांनी बजावलं होतं की यापुढं खाली मांडी घालून बसायचं नाही. एवढ्या एका वाक्यानं भावाच्या घराचं सगळं बिघडलं.

कारण त्या घरात जेवण म्हणजे पंगत. पडवीत सगळे ओळीनं बसणार, भाऊ, पुतण्या, नातवंडं, आलागेला पाहुणा. पुतण्यानं प्लॅस्टिकची खुर्ची आणून बापाला पंगतीच्या टोकाला बसवलं. भाऊ दोन घास खाऊन उठला.

"साऱ्याइच्या डोक्यावर बसून खाऊ काय मी? पुढारी आहो काय?"

तेव्हापासून तो आतल्या खोलीत खाटेच्या काठावर बसून एकटाच जेवू लागला. वैनी त्याचं ताट आत नेऊन द्यायची, बाहेर येऊन बाकीच्यांना वाढायची, आणि सर्वांचं झाल्यावर चुलीपाशी स्वतः जेवायची. तिचं जेवण आधीपासूनच तिथं होतं, त्यात काही बदललं नव्हतं.

एक दिवस तिचा फोन आला. "बाई, तुमचे भाऊ अर्धा भात तसाच ठेवून राह्यले. एकट्याले जेवणच जात नाई त्याइले."

मी बघायला गेले तर बनियन त्याच्या खांद्यावरून उतरत होतं. मला भीती वाटली, सरळ सांगते. हाडं जुळूनही वर्षभरात गेलेली म्हातारी माणसं मी नोकरीत पाहिली होती. त्यांचं आधी जेवण सुटतं, मग बोलणं सुटतं, आणि मग घरच्यांना कळतं. मी भावाला रागावले, समजावलं, शेवटी लाडीगोडीही लावली. तो नुसता हसला.

परत निघताना मला अंगणाच्या कोपऱ्यात आमची जुनी बंडी, म्हणजे बैलगाडी, दिसली. ट्रॅक्टर आल्यापासून ती तिथंच पडून होती, एक चाक जमिनीत रुतलेलं. माझं सगळं लहानपण त्या बंडीत गेलं. आरमोरीच्या बाजाराला जायचं तर भाऊ धुरकरी, पुढं बैलांच्या शेपट्यांपाशी बसलेला, आणि मागं आम्ही सगळ्या गठुड्यांसकट. आमची एक म्हातारी काकू कायम मागं राहायची, तिला कधी चप्पल सापडायची नाही तर कधी पिशवी. आम्ही ओरडायचो, चल ना भाऊ, बाजार उठून जाईल. भाऊ कासरा धरून ढिम्म. "बंडी भरल्याबिगर सुटत नाई," एवढंच म्हणायचा. पुढं वैनी लग्न होऊन आली तीही याच बंडीतून, मागं बायकांमध्ये, पदरात तोंड लपवून.

मी विचारलं, "भाऊ, बंडी नेऊ का? तुझ्यासाठी खुर्ची बनवते."

"ने. कुत्री पिल्ले घालून राह्यली तिच्याखाली."

बंडी मी आहे तशीच ट्रॅक्टरला बांधून आणवली. सागवानाच्या सुट्या फळ्या दिसल्या की आमच्याकडे वनखात्याच्या नाक्यावर हटकतातच, बंडीला कोण काय विचारणार? ती मोकळी करायला मला बरेच दिवस लागले. भावानं ती जन्मभर स्वतःच दुरुस्त केली होती, आणि त्याच्या मते प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, खिळा. एका दांड्यातून मी वाटीभर खिळे काढले आणि प्रत्येकाला भावाच्या नावानं शिव्या दिल्या. शिवाय उदई लागू नये म्हणून तो दरसाल साट्याला, म्हणजे बसायच्या फळ्यांना, इंजिनाचं जळकं ऑइल फासायचा. ते ऑइल अंगालाही वाईट आणि चुलीतही वाईट. रंधा मारून मारून कोरं लाकूड लागेपर्यंत मी थांबले नाही, आणि जिथं ते खोल मुरलं होतं तो भाग सरळ बाद केला. वैनीनं फोनवर भुसा मागितला, चूल पेटवायला. मी म्हटलं, हा भुसा चुलीत घातलास तर तुझ्या भाताला ट्रॅक्टरचा वास येईल.

खुर्ची मात्र देखणी झाली. हात टेकायला रुंद दांडे, बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा खाली राहील एवढी उंची, एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचेत लाकडाचीच कूस बसवून केलेले. पाय टेकवायला खाली एक आडवं लाकूड हवं होतं. मजबूत आणि गुळगुळीत. मी बंडीचं जू घेतलं. तिवसाचं लाकूड, लोखंडासारखं. बैलांच्या मानांनी झिजून त्याला दोन ठिकाणी पन्हाळीसारखे खोलगट भाग पडले होते. मी त्यावरून बोट फिरवलं आणि खूश झाले, इथं टाचा किती छान बसतील!

खुर्ची गाडीत टाकून मी भावाच्या अंगणात नेली. त्यानं तिच्याभोवती काठी टेकत एक फेरी मारली. खुर्चीच्या रुंद दांड्यांवरून हात फिरवला. मग खाली पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"बाई, हे जू होय ना?"

"हो. सगळ्यात मजबूत तेच निघालं."

"याच्यावर बैलाइच्या माना होत्या. अन् तू मले याच्यावर पाय ठेवाले लावून राह्यली?"

मी शेतकऱ्याची पोर. त्या बैलांना हातानं चारा घातलेली. कुणी परक्या माणसानं जुवावर पाय दिला असता तर मीच त्याच्या अंगावर धावून गेले असते. लाकडाची सगळी विचारपूस मी केली होती, ऑइल विचारलं, उदई विचारली, खिळे विचारले, आणि हेच नेमकं विचारलं नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

माझं तोंड बघून भाऊच नरमला. खुर्चीवर न बसताच तो म्हणाला, "अन् एवढ्या मोठ्या बंडीतून तुले एकच सीट निघाली काय? बंडीत आपण दहा जण बसत होतो ना वं?"

तो सहज चिडवत होता. मी मात्र त्याच गाडीत खुर्ची टाकून परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, मी खुर्ची मोकळी केली. सांधे खिळ्यांचे नव्हते म्हणून लाकूड वाया गेलं नाही. भावाला वर बसायची लाज वाटते ना, मग सगळेच वर बसतील. साट्याच्या आणि दांड्यांच्या लाकडातून दोन लांब बाक केले, एकाला पाठ टेकायची सोय. मध्ये लांब टेबल. टेबलाला मी बंडीचं लाकूड लावलं नाही, अन्नाखाली ते ऑइल नको. जुन्या दारांच्या कोऱ्या फळ्या होत्या, त्या जोडल्या आणि वर जवसाचं तेल चोळलं. तेलाच्या चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवल्या, कारण त्यांचा बोळा करून ठेवला तर आमच्या उन्हाळ्यात तो आपोआप पेटतो. नवरा म्हणाला, चिंध्यांनाही आयसीयू. जू बाकाच्या पाठीला सर्वांत वर बसवलं, मान टेकते तिथं.

वैशाख पौर्णिमेला बाक आणि टेबल भावाच्या पडवीत लागले. पुतण्या घुग्घुसच्या खाणीतली पाळी संपवून मोटरसायकलवर आला होता, डोळ्यांत अजून कोळशाची धूळ. बुद्धवंदना झाली. नातवंडं बाकावर चढून पाय हलवू लागली. पुतण्या बसला, त्याची बायको बसली, माझा नवरा बसला. भावानं आधी जुवाच्या खोलगट भागावरून हात फिरवला. मग काठी बाजूला ठेवून तो बाकाच्या अगदी टोकाला बसला, धुरकरी बसतो तिथं. कुणीच खाली नव्हतं आणि कुणीच वर नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

वैनीनं भात वाढला, वरण वाढलं, खीर वाढली. सगळे थांबले होते, कारण भाऊ ताटाला हातच लावेना. आता काय चुकलं?

"काऊन? दुखून राह्यलं काय?" वैनीनं पळी हातात धरूनच विचारलं.

भावानं शेजारच्या रिकाम्या जागेवर हात थोपटला. "बंडी भरल्याबिगर सुटत नाई."

"अन् वाढंन कोण?"

"भांडं इथीच ठेव. ज्याचे त्याले हात हायेत."

वैनीनं एकदा चुलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पदराला हात पुसले आणि ती बसली. या बंडीतून ती घरात आली होती, बाजारालाही किती वेळा गेली होती, पण कायम मागं. धुरकऱ्याच्या शेजारी ती कधी बसली नव्हती.

भावानं बैलांना हाकतात तसं जिभेनं टक् टक् केलं आणि पहिला घास घेतला. पोरं खिदळली. मी माझं ताट तसंच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं भाताचं भांडं स्वतःकडे ओढून दुसऱ्यांदा भात घेतला, थोडा वैनीच्या ताटात घातला, तेव्हा मी जेवायला लागले.