माळावरचा दिवा

भर दुपारी माळावर एक दिवा तेवत होता, तीन दगडांच्या आडोशाला. आदल्या दिवशी तिथं एक लहान हेलिकॉप्टर कोसळलं होतं आणि त्यातली दोन्ही माणसं गेली होती. आता दिव्याभोवतीची जमीन शेणानं सारवलेली होती आणि विखुरलेले तुकडे बांधालगत नीट रचलेले होते.

चौकशीला आलेले साहेब बघतच राहिले. "हे कुणी केलं?"

"मी," आमच्या शेजारची पारूकाकू म्हणाली. "माणूस गेलं तिथं सारवायला नको? त्यांची घरं तर लांब."

कुठला तुकडा कुठं पडला होता त्यावरूनच कारण कळतं, असं साहेब म्हणाले. काकूचा चेहरा उतरला. मला दोघांचंही पटत होतं. कारण कळायलाच हवं, उद्या दुसरं कुणी तसल्याच यंत्रात बसेल. पण त्या दोघांचं त्या रात्री कुणी काही केलं असेल, तर ते काकूनंच. तिनं पुसलं म्हणावं की राखलं?

"मग दिवा काढू का?" तिनं हळूच विचारलं.

साहेबांनी वाकून दिव्यात बघितलं.

"तेल आहे का अजून?" एवढंच म्हणाले.