‘परस्पर सहकार्य’

"ए बाई, चपला बाहेर काढ. खाली बस, बायकांत."

रोह्याजवळ वरसे गावात, एका घराच्या पुढच्या खोलीत, छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचा वसुली अधिकारी मला हे म्हणाला. मी त्याच कंपनीची वकील. मुंबईहून साहेबांबरोबर आलेले. अंगावर सुती साडी, रंग काळा. तेवढं त्याला पुरलं.

साहेब म्हणाले, "अरे, मॅडम आहेत आपल्या!"

"सॉरी मॅडम. त्यांच्यातल्याच वाटलात."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

मला खुर्ची मिळाली. समोर सतरंजीवर कर्जगटातल्या बायका. एकीचा हप्ता चुकला, तर तो बाकीच्यांनी भरायचा. एक जण हप्ता घेऊन आली नव्हती. तिची मुलगी दवाखान्यात होती. ती येईपर्यंत कुणी उठायचं नाही, असा अधिकाऱ्याचा हुकूम. एकीची कारखान्यात दुपारची शिफ्ट होती. ती उठली, तर त्याने दारात पाय आडवा घातला.

तासाभराने मुलीला दवाखान्यात ठेवून ती बाई धापा टाकत आली. रिकाम्या हाताने. बाकीच्यांनी कनवटीला होतं नव्हतं ते काढून दिलं.

"तुझ्यापायी माझी शिफ्ट गेली गो," एक म्हणाली. हप्ता चुकलेली मान खाली घालून उभी. मी खुर्चीत.

परतताना गाडीत साहेब म्हणाले, "बघितलंत? लाज हेच यांचं तारण."

अशा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामकाने वसुलीच्या नव्या नियमांचा मसुदा काढला होता. त्यावर कंपनीचं उत्तर मी लिहायचं होतं. "परतफेड परस्पर सहकार्यातून होते, असंच लिहा," साहेब म्हणाले. शब्द माझेच. चार वर्षं मी तेच लिहीत होते. मनापासून. आई अशाच एका गटात होती. त्या कर्जातून माझी लॉ कॉलेजची फी भरली. परिषदांत मी हे सांगायचे. टाळ्या पडायच्या.

पेणला गाडी थांबवायला सांगितली. उतरून गागोद्याला घरी गेले. आई भिजवलेले वाल सोलत होती.

"आई, तुला कधी असं बसवून ठेवलं होतं?"

तिने हात थांबवला नाही. "व्हय. दोनदा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझी परीक्षा व्हती गो. आनि तवा तू वकील थोडीच व्हतीस?"

मुंबईला येऊन मी उत्तर लिहिलं. वरशात घडलं तसंच. कुणी पाय आडवा घातला, कोण हसलं, कोण खुर्चीत बसून राहिलं.

साहेबांनी वाचलं. "हे बाहेर गेलं तर तुम्ही इथे नसाल. आणि उद्या कर्ज बंद झालं, तर याच बायका तुम्हाला शिव्या देतील."

दुसरं वाक्य खरं ठरू शकतं. मला ठाऊक होतं. तरी मी ते माझ्या नावाने नियामकाकडे पाठवलं. नोकरी गेली. नियामकाकडून नुसती पोच आली.

आता मी पेणच्या कोर्टात वकिली करते. बायकांना कोंडून ठेवल्याची पोलिसांत तक्रार केली आहे. वरशातल्या चौघींनी जबाब दिले. जी त्या दिवशी मान खाली घालून उभी होती, ती मला बघून दार लावून घेते. घेऊ दे. मी परत जाणार. बाईला कर्जही मिळालं पाहिजे आणि तिला कुणी कोंडूनही ठेवता कामा नये. यातलं एकच निवडा म्हणणाऱ्याशी मी भांडणार.

तक्रारीत त्या अधिकाऱ्याचं नाव आहे, साहेबांचं आहे. मला साक्षीला बोलावतील तेव्हा तिसरं नाव मी स्वतः सांगणार आहे. या सगळ्याला गोड शब्द पुरवणाऱ्या वकीलबाईचं.